सुरूखालची मोजणी

गालजीबागच्या किनाऱ्यावर, उजाडताना,
मी वेताची चौकट टाकते, मीटरभर लांब, मीटरभर रुंद,
आणि आतली बिळं मोजते.
मर्यादवेलीत नऊ.
एकाच्या तोंडाशी नुकतीच उपसलेली वाळू, अजून ओली.
वेल संपते तिथून सुरू.
सुरूखाली शून्य.
पुढे शून्य. पुढे
एक, पण आत कोळ्याचं जाळं.

वरून सुया गळतात, आवाज न करता.
खाली त्यांचं तपकिरी घोंगडं, वीतभर जाड,
त्याखाली मुळांची वीण.
नांगी खुपसायला जागा नाही.

ही झाडं आईनं लावली,
फॉरेस्टच्या रोजावर, मला पाठीशी बांधून.
त्याच रोजातून माझी पाटी आली, मग पुस्तकं,
म्हणजे एका परीनं ही चौकटही सुरूचीच.
वहीत ह्याला रकाना नाही.

आई मागून येते, खराटा आणि पोतं घेऊन,
चुलीला सुया न्यायला.
माझी शून्यं बघते.
"थंय कितें सोदता? इकडे ये,
मी रोज झाडते तिथं."

खराट्याच्या रेघांत, दोन बुंध्यांच्या मध्ये
चार बिळं.
पाचव्यातून एक कुर्ली
डोळ्यांच्या काड्या उभारून आम्हांला निरखते,
मग नांगीत एक सुई धरून
बाहेर टाकते.
आत जाते. परत येते.
दुसरी.

आई पोत्याचं तोंड उघडून
थांबली आहे.