न कोरलेली जागा

भद्रकालीच्या रद्दीवाल्याकडून वीस रुपयांना आणलेली राणी
दिगंबर तांबट भिंगाखाली धरतात.
नाशिकरोडच्या प्रेसात एकतीस वर्षं तिकिटांचं पोलाद कोरलं,
रेघ वाचता येते त्यांना.

कॉलरच्या जाळीला दोन महिने गेलेत.
राज्य सगळं जाळीत.
गालाला मात्र कोरणी टेकलीच नाही.
ज्या तांब्याला हात लावायची छाती झाली नाही
तेच कागदावर गोरं उमटलंय.

शेवंताबाई चहा घेऊन वाकतात.
"हिला देवी नव्हत्या आल्या?"
"आल्या असतील. राणीच्या पत्र्यावर
टिंब टाकतंय कोण?"

त्या आपल्या खडबडीत गालावरून बोट फिरवतात,
भिंग मागून घेतात.
चहावर साय धरते.

कानामागे, मोत्याच्या सावलीत,
एक टिंब.

"हे कुणी राहू दिलं?
त्यानं, की हिनं?"