रफार

दहावीला माझे अकरा निबंध तोंडपाठ होते.
त्यातली पाच आत्मवृत्तं :
फाटकं पुस्तक, पडका किल्ला, बंद पडलेलं घड्याळ,
उरलेली दोन आठवत नाहीत.
सगळ्यांचं दुःख एकच,
आता आम्हाला कोणी विचारत नाही.
दहापैकी सहा मिळाले.
घड्याळाला कधी हात लावून पाहिला नव्हता.

मग सातपूर. लेथ, नंतर सीएनसी,
बोटांच्या रेघांत मुरलेलं कूलंट.
सुपरवायझर व्हायचं तर पदवी लागते म्हणाले,
म्हणून एकेचाळिसाव्या वर्षी मुक्त विद्यापीठ,
रविवारी सिडकोतली शाळा,
सातवी ब च्या बाकात न मावणारे गुडघे.

गायधनी बाईंनी विषय दिला : गोदावरी.
मी वर झोकदार अक्षरात लिहिलं,
'गृहपाठ तिसरा : निर्बंध'
आणि खाली दीड पान,
दक्षिणेची गंगा, भरभरून देणारी माता,
पण आपण तिला काय देतो?
(हा प्रश्न अकरापैकी चार निबंधांत चालायचा.)

वही परत आली.
लाल शाई नाही, पेन्सिल.
समासात : यातलं तुमचं कुठलं?
आणि 'निर्बंध'मधल्या रफाराभोवती गोल :
हा काढा. मग पुन्हा लिहा.

राग आला.
आमच्याकडे जॉब रिजेक्ट होतो तेव्हा
कारण आकड्यात लिहितात,
दोन शतांश जास्त, तीन शतांश कमी.
'तुमचं कुठलं' कुठल्या गेजनं मोजायचं?

त्याच रविवारी बाईंनी रऊफ अत्तारची वही वाचून दाखवली.
कंपाउंडर आहे, भद्रकालीत.
दोन पानं, फक्त दवाखान्याच्या घंटीवर.
कोण कसं दाबतं.
ताप असलेला कसा, बिल बाकी असलेला कसा,
आणि एक बाई, जी बोट ठेवून उभी राहते
आणि दाबत नाही.
घडत काहीच नाही त्यात.
तात्पर्य नाही, सुविचार नाही.
माझा चहा गार झाला
आणि साय धरल्यावर मला कळलं.

मंगळवारी नाइट संपवून घरी गेलो नाही.
त्र्यंबक रोडनं सीबीएस, रविवार कारंजा,
गाडी लावली आणि रामकुंडाच्या पायरीवर बसलो,
डबा मांडीवर, बूट काढून.
नदीकडे बघायचं म्हणजे नक्की कुठे बघायचं
हे पंधरा मिनिटं कळेना.

एक पोरगा, असेल बारा-तेरा वर्षांचा,
दोरीला जुन्या स्पीकरचं लोहचुंबक बांधून
पाण्यात सोडत होता,
ओढत होता, सोडत होता.
आला खिळा.
आली केसांची पिन.
बराच वेळ नुसता चिखल.
मग एक रुपया.
मी म्हटलं, जुनी नाणी भरपूर असतील ना तळाला?
तो म्हणाला, असतात, पण चिकटत नाहीत.
हे मला माहीत असायला हवं होतं.
वीस वर्षं धातूच कापतोय.

घरी येऊन आंघोळीआधी लिहिलं,
'मंगळवारी सकाळी सव्वासातला.'
पुढचं वाक्य यायला नऊ वाजले.
खिळा लिहिला, पिन लिहिली.
चिखल लिहायला सगळ्यात वेळ लागला,
कारण तो कसा होता ते मी पाहिलंच नव्हतं,
रुपयाची वाट बघत होतो.
बुधवारी परत गेलो. चिखलासाठी.

शीर्षकातला रफार खोडरबरानं जाईना, शाईचा होता.
ब्लेडनं खरवडला.
कागद तिथे पातळ झालाय,
उजेडाला धरला की दिसतं.

दहापैकी साडेसहा.
शाळेपेक्षा अर्धाच जास्त.
शेवटच्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ :
ही कुणासाठी? काढून बघा.
ओळ चांगली होती. नदी, जीवन, शोध, सगळं होतं तीत.

काढली.
खाली तीन बोटं जागा राहिली.
पोरगा तिथेच उभा आहे अजून,
दोरी ओली,
चुंबकाला काय लागलंय ते
नखानं खरवडून बघतोय.