सहा सामन्यांत एक गुण

तोही समोरच्यानं पेनल्टी बारवरनं घातली म्हणून.
मी हिशेब ठेवत नाही, ठेवावा लागत नाही,
गल्लीतली पोरं परवचा म्हणावा तसं म्हणत फिरतात:
पाच हार, एक बरोबरी, गोल दोन,
त्यातला एक त्यांच्याच बॅकचा, त्यांच्याच जाळीत.

मी शिंपी. तेलवेस तालमीच्या जर्सी
एकोणीस वर्षं माझ्या मशिनीवर.
जांभळं अंग, पांढऱ्या बाह्या.
हा जांभळा तिसऱ्या धुण्याला विटतो.
बरं कापड घेऊ म्हटलं की सेक्रेटरी
पावतीबुक उघडून पुढ्यात धरतो:
पिठाची गिरणी एकशे एक, सलून एक्कावन्न,
चटणी कांडपाच्या शेवंताकाकू पाचशे,
"नाव घालू नगासा, घरात कळलं तर भांडणं हुतील."
एवढ्यात अठरा पोरं, बर्फ, लिंबू, पायाची पट्टी.
मोठ्या पेठेत गोव्याचा कोच आहे,
लांबच्या देशातले दोघं फ्लॅटवर राहतात,
त्यांच्या स्वयंपाकाला बाई आहे म्हणे.

सोहेल मुजावर आमचा.
तालमीमागच्या उतारावर, गटार चुकवत
चेंडू डाव्या पायाला बांधून शिकलेला.
गेल्या जूनमध्ये नव्या गाडीवर बसवून नेला,
गाडीसकट ठेवून घेतला.
मी नऊचा आकडा उसवला.
खालचं कापड तेवढं विटलेलं नव्हतं.
आता ती जर्सी घोरपड्याचं बारकं घालतं,
वर मी चौदा शिवलाय,
तरी उन्हात उभं राहिलं की
चौदाच्या आडनं नऊ बघतो.

रविवारी त्यांच्याशीच होती.
स्टेडियमच्या पायऱ्या तापलेल्या, बुडाखाली पेपर.
शेजारी ढालेकाका, रिटायर कंडक्टर,
शिट्टी अजून गळ्यात.
"अरं दे की! दे! एकट्यानं घरला न्हेणार हैस काय!"
"येष्टी सुटल्यावर तर पळतोस का रं असा?"
पहिली वीस मिनिटं पंचाला शिव्या,
मग आमच्या कोचला,
मग पाणी कुणी संपवलं यावरनं एकमेकांना.

सदतिसाव्या मिनिटाला सोहेलनं डाव्यावर घेतला.
तोच उतारावरचा झोक,
नसलेली गटार चुकवल्यासारखा आत वळला,
आणि जाळी हलली.
आमची अख्खी बाजू उभी राहिली.
सवयीनं.
ढालेकाकांनी तर डबल बेल मारावी तशी
दोनदा शिट्टी फुंकली.
मग एकेक करून
पेपर सरळ करत खाली बसलो.
कुणी कुणाकडं बघितलं नाही.

चार शून्य.
उरलेले तिन्ही इराप्पा दहिंडेच्या हातातनं.
गेटबाहेर मी चारचौघांत सांगितलं,
पुढच्या साली मशीन बंद, जर्सी शिवणार नाही.
ढालेकाका म्हणाले, "दरसाल म्हणतोस,
आणि म्हणता म्हणता पोरांची छाती मोजतोस."

रात्री दूध कट्ट्यावर गेलो,
इराप्पासाठी एक शिवी घोटून तयार करून,
त्याच्या सात पिढ्यांना पुरेल अशी.
तो म्हशीखाली उकिडवा,
उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी.
तरी धार बघा, सरळ ग्लासात,
फेस काठापर्यंत, थेंब बाहेर नाही.
ग्लास हातात दिला. पैसे घेईना.
म्हणाला, "मामा, तिसरा दिसलाच न्हाई.
सूर्य डोळ्यावर हुता."

सूर्य त्याच्या पाठीमागं होता.
दुसऱ्या हाफात त्या टोकाच्या गोलकीपरला
सूर्य कधीच समोर येत नाही,
एकोणीस वर्षं मी तिथंच बसतो.

दूध कोमट होतं. शिवीवरनंच प्यालो.
"हां," म्हटलं, "ऊन वाईट होतं आज."

म्हैस मान वळवून
माझ्याकडं बघत होती.