प्रवासी: एक

वेंगुर्ल्याहून आले तेव्हा माझ्याजवळ
पत्र्याची पेटी, शिवणाचं मशीन
आणि पाण्याची भीती, एवढंच होतं.
नवरदेव असूनही दोर तूच फेकलास धक्क्यावर,
कारण दुसरा खलाशी
आपल्याच लग्नात जेवून आडवा झालेला.
"सांबाळ, वलें आसा," म्हणालास, रॅम्पकडे बघत.
लग्नानंतरचं तुझं पहिलं वाक्य.

रायबंदर ते चोडण, चोडण ते रायबंदर.
मी एकदा हिशोब केला, गॅसच्या पुस्तकाच्या पाठीवर:
दिवसाला बावीस फेऱ्या, रजा वगळून, वीस वर्षं,
पृथ्वीला अडीच प्रदक्षिणा झाल्या होत्या तुझ्या
आणि सावर्ड्याला माझ्या मावशीकडे जायला
तुला वेळ मिळत नव्हता.

शहाण्णवचा ऑगस्ट, रात्रीचे दोन.
फेरी बंद. कुणाला न विचारता इंजिन चालू केलंस.
एवढा मोठा डेक, एकही गाडी नाही,
मधोमध चहावाल्याची खुर्ची, खुर्चीत मी.
तू वर केबिनमध्ये, माझ्याकडे पाठ.
मी किंचाळले तरी वळला नाहीस,
कारण मांडवी भरून वाहत होती.
नोंदवहीत लिहिलंस: २.१०, प्रवासी एक.
पाचव्या दिवशी येताना: प्रवासी दोन.
डिझेलबद्दल साहेबांचा मेमो आला,
तो तू फ्रेम करायला निघालेलास.
माळ्यावर आहे अजून, माटोळीच्या लाकडांखाली.

दोन हजार एकलाही तीच वेळ, तीच खुर्ची.
जाताना: एक.
येताना तू पेन धरून बराच वेळ उभा.
मग नुसती रेघ मारलीस.
त्या चवथीला माटोळी बांधताना
तुझ्या गाठी सुटत होत्या.
तुझ्या, ज्याच्या गाठीला दोन बस आणि एक ट्रक
भरतीत थोपून राहतात.
मी खालून नारळ देत राहिले,
सुपारीचे घोस, तोरिंगं, एकेक करून.
आपण त्याबद्दल बोललो नाही. अजून नाही.

मग फिरलो, उशिरा का होईना.
हंपीला देवळं सोडून तू टोपलीच्या होडीत तीनदा बसलास.
अलेप्पीत डोळे मिटून पडलेलास, मला वाटलं, सुखात आहे,
तर म्हणतोस, "ह्याचा इंजेक्टर गेलाय."
कन्याकुमारीला मी तीन समुद्र दाखवले,
तू विचारलंस, इथे धक्का बांधायचा कुठे?

चाळिशीत मी स्कूटर शिकले
आणि तुझ्याच बोटीच्या रॅम्पवर पडले.
अर्धं चोडण हसलं.
तू हसला नाहीस, भोंगा वाजवलास,
इतका लांब, की सगळे कान धरून गप्प.

वेदांगी आता इंजिनरूममध्ये असते, मोठ्या जहाजावर.
रॉटरडॅमहून फोटो पाठवते, बर्फाचे, क्रेनचे.
"बापायला विचार, कसं वाटलं."
बापाय विचारतो, पाणी किती खोल?

परवा शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ.
घड्याळ चार मिनिटं पुढे आहे, तू लावू देत नाहीस.
आज सकाळी आपण पलीकडे निघालो,
निमित्त बांगड्यांचं.
डेकवर माझ्या शेजारी उभा राहिलास, पहिल्यांदाच,
आणि तुला कळेना, हातांचं करायचं काय.
चिपीच्या झाडांतून एक बगळा उठला.
"हो रोजचोच?" तू विचारलंस.
मी म्हटलं, रोजचाच. चौतीस वर्षं.

केबिनमधल्या नव्या पोराने
बोट धक्क्याला जरा जोरात लावली.
तू काही बोलला नाहीस,
फक्त माझा दंड घट्ट धरलास.
बरं झालं.
मला अजूनही पाण्याची भीती वाटते,
हे तुला सांगायचं राहूनच गेलंय.