अर्धा सेकंद

दिवसा उद्यमनगरात लेथवर व्हॉल्व्ह कातायचो.
रात्री शटर अर्धं ओढून
पत्र्याच्या पेटीवर दोन लाल बटणं बसवली,
दोन दिवे, आत लुनाचा हॉर्न.
नेजकर म्हणाला, 'बाबालाल, आवाज असा पाहिजे
की गंगावेशीतल्या म्हशी दचकल्या पाहिजेत.'

कार्यक्रमाचं नाव 'आधी कोण'.
लोकल केबलवर, दर गुरुवारी रात्री नऊला,
शाहूपुरीत एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमधून.
खाली पंगत असली
की प्रश्नांच्या मध्ये 'वाढा, वाढा' ऐकू यायचं.
बक्षीस पाच लिटरचा कुकर.
प्रश्न विचारायला स्वतः नेजकर;
दिवसा गॅस एजन्सीत नंबर लावायचा,
त्यामुळं त्याला नाही कोण म्हणणार?

नऊ भाग झाले.
दहाव्याची पट्टी पडद्याखाली फिरत राहिली दोन आठवडे.
मग केबलवाल्यांची आपसांत जुंपली,
गच्च्यांवरच्या वायरी एका रात्रीत कापल्या गेल्या,
आणि गुरुवारी नऊला
नुसत्या मुंग्या.

मला एकट्याला माहीत होतं ते असं,
की डावं बटण अर्धा सेकंद उशिरा लागायचं.
रिलेची पत्ती भंगारातली.
पहिल्याच भागात कळलं होतं.
नवी अकरा रुपयांना होती.
अकरा रुपये.
नऊ भागांत डावीकडचं कुणी जिंकलं नाही.
लोक म्हणाले, त्या खुर्चीचा गुण.
मीही मान हलवली.

नवव्या भागात डावीकडे पद्मजा मगदूम,
कसबा बावड्याची, पिग्मी गोळा करणारी,
सायकलवरून थेट आलेली,
खांद्याला पावतीपुस्तकांची पिशवी.
मी पेटीमागं बसायचो, मला बोटं दिसायची.
चारही वेळा तिचं बोट आधी पडलं.
चारही वेळा उजवा दिवा लागला.
ती भांडली नाही. बटणाकडं बघत राहिली,
'उद्या या' म्हणणाऱ्या दुकानदाराकडं बघावं तशी.
नेजकर म्हणाला, 'ताई, पुढच्या गुरुवारी
हरलेल्यांची फेरी. नक्की या.'

सव्वीस वर्षांनी नेजकरची पोरगी दारात.
'काका, "आधी कोण" परत सुरू करतोय. मोबाईलवर.
जुनी पेटी पाहिजे. जुनी माणसं पण.'
पेटी माळ्यावर होती,
हॉर्नमध्ये कुंभारमाशीनं घर केलेलं.
खरवडलं. नवी रिले आणली, दीडशे रुपये पडले.
दोन्ही बटणं शंभर शंभर वेळा दाबून बघितली.
रात्री बऱ्याच वर्षांनी
कूस न बदलता झोप लागली.

राजारामपुरीत स्टुडिओ, एसी, बक्षीस एअर फ्रायर.
पद्मजाबाई आल्या. केस पांढरे, पिशवी तीच वाटली.
कुणी न सांगता डावीकडं बसल्या.

'रंकाळ्याच्या काठावर—'
हॉर्न. डावा दिवा.
प्रश्न अजून संपला नव्हता. फाऊल.
'पंचगंगेला मिळणाऱ्या पाच—'
हॉर्न. फाऊल.
तिसऱ्यांदा कॅमेऱ्यावरचं पोरगं हसलं,
'मावशी, जरा दमानं.'
मावशींनी बोट उचललं, त्याच्याकडं बघितलं,
मग वायरींच्या मागं,
माझ्याकडं.

जिन्यात चहा प्यायला बसलो.
'पत्ती बदललास व्हय?'
मी कपात बघत हो म्हणालो.
'त्याच रात्री हिशेब केलतो मी.
घंटीवर रोज दाबत होतो, बावड्यापासनं बँकेपर्यंत,
अर्धा सेकंद आधी.
पुढचा गुरुवार आला असता तर
कुकर माझा होता बघ.'

मला काय बोलावं सुचेना.
खाली रिक्षावाला सुट्ट्यांवरून भांडत होता.
तिनं कपाच्या काठावर अंगठा ठेवला,
दाबला,
आणि बरोबर तेवढ्या वेळानं म्हणाली,
'आत्ता वाजलं.'