एफ, फैजपूरचा

मे महिन्यात लॅबचा एसी बसला
आणि चिठ्ठ्यांचा गोंद सुटला.
सकाळी कुलूप काढलं तर फरशीवर
एक ते सोळा, मधला चार सोडून, सगळे पालथे.
मशिनी रॅकवर होत्या तशाच,
बुडालेल्या पतपेढीच्या लिलावातून आणलेल्या,
काळ्या, एकीसारखी दुसरी.

कुठली कोण, ते आता त्यांनाच विचारायचं.
नेटवर्कने दिलेला पत्ता म्हणजे भाड्याची खोली,
लाइट गेली, आली, की बदलली.
कार्डावर कोरलेला तेवढा टिकतो.
बारा अक्षरं. पहिली सहा कारखान्याची,
ती सगळ्यांची सारखी,
आमच्या गावच्या मतदारयादीत पान-पान फिरके असतात, तशी.
पुढची सहा ज्याची त्याची.

मी पडद्यावरून वाचते,
भटू जुन्या वहीत बोट फिरवतो.
"बी."
"डी?"
"बी. भुसावळचा."
पंख्यांच्या घरघरीत दुसरं काही चालेना.
मग ए अमळनेरचा, सी चोपड्याचा,
डी धुळ्याचा, ई एरंडोलचा,
एफ, फैजपूरचा.
एफच्या पुढे हा पत्ता जातच नाही.
भटूचं घर जळगावला.
"मंग आम्ही कोठे ऱ्हावानं, मॅडम?"

एक आज्ञा असते, दिवा लुकलुकवायची.
मी इथून म्हणते, एरंडोल, दोन, सात, चोपडा,
आणि खालून दुसऱ्या फळीवर, मागच्या अंगाला,
एक हिरवा डोळा उघडझाप करतो.
रॅकमागे आडवा झालेला भटू ओरडतो,
"सापडनी!"
आणि नंबर मार्करने थेट पत्र्यावर घालतो.

चौदा झाल्या.
पंधराव्या मशिनीने सांगितलेला पत्ता
वहीत चार नंबरपुढे निघाला.
चार दिवाळीआधीच जळली होती.
रज्जाकभाईने किलोच्या भावाने नेली,
पावतीवर सही माझी.

भटू मागून बाहेर आला, हात पुसत.
"अकराचं कार्ड गेलतं. तुम्ही तवा
दवाखान्यात, अण्णांजवळ.
कुणाला इचारू? चारचं काढलं, बसवलं."

मी वही बघत राहिले.
टेबलावर फोन थरथरला. पडद्यावर: अण्णा.
आई असते. त्यांचं सिम तिने आपल्या फोनात घातलंय,
रिचार्ज वाया जाऊ नये म्हणून.
"जेवलीस का?" विचारते.
नाव बदलायचं माझ्याकडून राहिलंय,
म्हणजे, राहू दिलंय.

"काय घालू पत्र्यावर? चार का अकरा?"
मार्करचं टोपण दातात धरून भटू उभा.
मग म्हणतो, "निवांत सांगा.
पण दिवा तेवढा थांबवा, मॅडम.
केव्हाची बोलावती ती."