खाली गहू

पिंजारघाटावर हसनमियाँ तुंगेकरांची गिरणी.
डबे रांगेत, माणसं पायरीवर,
मालक भुवयांपर्यंत पांढरे.
मूळ दाभोळच्या खाडीकडचे. नाशकात कसे, विचारलं तर
म्हणायचे, कसारा चढलो आणि
कानातला समुद्र थांबला. मग उतरलोच नाही.

मी नववीत. माझं दळण चाललेलं.
पट्ट्याच्या आवाजावर ओरडून, तुकड्यातुकड्यानं सांगितलं:

जहाज गव्हाचं. हॅलिफॅक्सहून भरलेलं.
पोटात इतका गहू, की तेव्हाच्या नाशकानं वर्षभर खावा.
डोक्यावर मात्र सपाट पाटा, पाट्यावर चार विमानं,
पंख कापडाचे.
"तुझ्या परकराचं असतं ना, तसलंच. वर रंग चोपडलेला."
आजूबाजूला चाळीस जहाजं,
सगळ्यांत जे हळू, त्याच्या चालीनं.

"आणि बाँब?"
"टाकला ना. एकदा. देवमासा मेला."

"मग विमानं करायची काय?"
"फिरायची.
वर घरघर असली की पाणबुडी खाली दबून बसते,
दबून बसली की तिला पळवत नाही,
तेवढ्यात आपण पुढे.
काही झालं नाही, हेच त्यांचं काम."

अकरा दिवस काही झालं नाही.
बाराव्याला धुकं.
चार गेली होती, तीन उतरली.
चौथ्याचा आवाज डोक्यावरून गेला,
परत आला, परत गेला.
दिवे लावावेत तर चाळीसच्या चाळीस उघडी पडणार.
मग आमचंच इंजिन तेवढं ऐकू येत राहिलं.
"त्यातल्या एकाला मीच चहा दिलेला.
कप घेऊनच चढला होता, येडा."

एवढं बोलून त्यांनी माझ्या डब्यातलं पीठ
तळव्यानं दाबून सपाट केलं.

ओझरहून चाचणीचं विमान उठलं, की
हसनमियाँ पट्टा रिकाम्या चाकावर सरकवायचे.
दगड थांबायचा. रांग कुरकुरायची.
"मियाँ, माझ्या भाकरी राहिल्यात," भिकूबाई पगारे पायरीवरून,
"वर काय बघता, पीठ बघा."
"जरा दम धरा मावशी. एक यायचंय."

ते मान वर करून उभे, पापण्यांवर पीठ.
आवाज गंगेपलीकडे, म्हसरूळकडे, वळून
पुन्हा ओझरकडे, बारीक, आणखी बारीक,
बंद.
मग पट्टा जागेवर.

गरम डबा कमरेवर घेऊन घरी पोचले.
आई म्हणाली, एवढा उशीर? काय झालं होतं?
मी म्हटलं, काही नाही.